एका हाताच्या घड्या

गेल्या महिन्यात सोलापुरातल्या जुळे सोलापूर भागात पद्माच्या मुलाची, किशोरची, वास्तुशांत होती. पंगतीत कुणीतरी त्याला म्हणालं, "घर झकास झालंय. आता दुसरं कधी?" किशोर हसत म्हणाला, "छे हो! आमच्या आजोबांनी दोन घरं केली. मला एकच जमलं."

पंगत हसली. वाढणारी पोरं हसली. पद्माही पदर तोंडाला लावून हसली. तिच्या वडिलांबद्दल बोलणं चाललं होतं, पण त्यातलं आता तिला काही टोचत नव्हतं. इतक्या वर्षांत त्या दुःखाची घरगुती गंमत झाली होती.

मीही हसलो. मग पानातली शेंगापोळी तशीच ठेवून उठलो.

त्या दोन घरांपैकी दुसरं घर मी बांधलं होतं. ते अमृतसरला होतं, आणि ते कधीच नव्हतं. माझी ऐंशी उलटून गेली. हे माहीत असलेला दुसरा माणूस आता हयात नाही. म्हणून लिहितो.

पद्माचे वडील राजेशमअण्णा आमच्या पेढीचे फिरते एजंट होते. पेढी चाटी गल्लीत होती आणि माल सोलापुरी चादरींचा. मालक शिवलिंगअप्पा गादीवर बसत, मी त्यांच्या उजव्या हाताला माल पाठवण्याचं काम बघे. मला सगळे बसू म्हणत. अण्णा नमुन्याच्या चादरींचं गाठोडं घेऊन उत्तरेला जात. अमृतसर, फिरोजपूर, बारमेर, कधी कच्छ. महिना महिना, कधी त्याहून जास्त. परत आले की आठ-पंधरा दिवस पेढीवर बसत, पान खात, आणि पुन्हा जात.

बुटके, अंगानं भरलेले, जाड भिंगांचा वाटणारा चष्मा. चेहरा असा की दुसऱ्यांदा भेटणाऱ्याला पुन्हा ओळख सांगावी लागे. अण्णांना त्याचं वाईट वाटत नसे. "आपलं काय, चादर लक्षात राहिली म्हणजे झालं," म्हणायचे. हसायचे तेव्हा आवाज येत नसे, नुसते खांदे हलत. हॉटेलात गेलो की दाराकडं तोंड करूनच बसत. मी आधी जाऊन ती खुर्ची अडवली तर उभे राहत आणि म्हणत, "ऊठ बे बसू, मला वारा लागतो हितं." दारातून सोलापूरचा उन्हाळा आत येत असे, वारा नव्हे.

गावांबद्दल विचारलं तर ते भाज्यांबद्दल बोलत.

"अण्णा, फिरोजपूर कसं आहे हो?"

"मुळा लई गोड."

"आणि बारमेर?"

"काकडी मिळत न्हाय."

"माणसं कशी आहेत म्हणतो मी."

"माणसं काय, सगळीकडची सारखीच. चादर हातात घेतात आणि रंग जाईल का विचारतात."

एवढी वर्षं फिरलेल्या माणसाकडून मला मुळ्याकाकडीपलीकडं काही कळलं नाही. तेव्हा वाटे, माणूस अगदीच साधा आहे.

ते पूर्वी फौजेत होते, बिनतारी खात्यात. डोळे अधू झाले म्हणून सोडावं लागलं, असं सगळ्यांना माहीत होतं. एका दुपारी ते मागं हात धुवायला गेले आणि चष्मा गादीवर राहिला. मी गंमत म्हणून तो डोळ्यांवर चढवला. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर जसं होतं तसंच दिसलं. काढला, पुन्हा घातला. काहीच फरक नाही. साधी काच होती.

अप्पांनी ते पाहिलं. मला आत चादरींच्या गाठींच्या खोलीत बोलावलं आणि दार ओढून घेतलं.

"चष्मा घातलास?"

"व्हय अप्पा."

"काय दिसलं?"

"सगळं."

"मग आता काही दिसलं न्हाय असं कर." अप्पा गाठीवर टेकले. "तो सरकारचा माणूस हाय, बसू. डोळेबिळे काही गेले न्हाईत. आपण त्याला फक्त पेढीचं नाव दिलंय. तिकडं काय करतो ते मलाबी ठाऊक न्हाय, विचारायचंबी न्हाय. शब्द दे. बायकोलाबी सांगायचं न्हाय."

मी शब्द दिला. बाहेर आलो तर अण्णा चष्मा घालून बसले होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "काच पुसून ठेवावी बसू. बोटांचे ठसे राहतात."

त्यानंतर काही महिने मी छाती काढून चाललो. आपल्याला काहीतरी माहीत आहे याचा माज मोठा असतो. शिवाय फुकटचा असतो, कारण तो दाखवता येत नाही आणि त्यामुळं कुणी उतरवतही नाही.

मग एकाहत्तरची लढाई आली. सोलापूरपर्यंत कुठलं विमान येणार होतं, पण आमच्या गल्लीतही खिडक्यांना काळे कागद लागले. अण्णा दसऱ्याआधीच गेले होते. संक्रांतीला भरणारी सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उठली तेव्हा परत आले. अंगात ताप होता आणि डाव्या हाताला मोठं बँडेज होतं. मधल्या दोन बोटांची पेरं गेली होती.

"लुधियानात गिरणी बघायला गेलतो. पट्ट्यात हात गेला," ते म्हणाले. गिरण्यांच्या गावाला हे पटायला वेळ लागला नाही.

त्याच आठवड्यात त्यांच्या गल्लीतला एक जवान सुट्टीवर आला. मारुतीच्या पारावर सत्कार झाला. पेढे, हार, भाषणं. हारांचं तबक अण्णांनी धरलं होतं, उजव्या हातावर तोलून. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "राजेशम, फौजेत राहिला असतास तर तुलाबी एक हार पडला असता की!"

"डोळे गेले ना बे," अण्णा म्हणाले आणि काचेआडून माझ्याकडं पाहिलं. त्यांचे खांदे हलले.

शेजारी त्यांची बायको सत्तम्मा उभी होती. ती बायकांना म्हणाली, "लोकांचे नवरे लढाईला जातात. आमचे गिरणीत बोटं घालून येतात." बायका हसल्या. तिच्या बोलण्यात तेव्हा माया होती. टाळ्या वाजल्या तेव्हा अण्णांना वाजवता येईनात. त्यांनी तबक खाली ठेवलं आणि उजव्या हातानं मांडीवर थापट्या मारल्या.

पुढच्या वर्षी शिवलिंगअप्पा गेले. मुलाला त्यांनी एवढंच सांगून ठेवलं होतं की राजेशमला काढायचं नाही. का, ते सांगितलं नव्हतं. म्हणजे सोलापुरात ठाऊक असलेला मी एकटा उरलो.

सत्तम्मावैनी विणकराची लेक. अण्णांसारखंच तिचं माहेरही तेलुगू, साखर पेठेतलं. घरात माग, परकर नेसायच्या वयापासून सुताच्या कांड्या भरत आलेली. चादरीकडं ती कापड म्हणून बघत नसे, कुणाच्या हातची आहे म्हणून बघे. दारावरून कुणी चादर पांघरून गेला तर "ही मागावर पोरानं बसून विणली" असं म्हणून मोकळी होई. तिच्यापुढं सरकारचा सगळा बंदोबस्त उघडा पडला.

अप्पा जाऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. एकदा भर दुपारी ती पेढीवर आली. कमरेवर अण्णांचं नमुन्यांचं गाठोडं. अण्णा आदल्या दिवशीच पंजाबातून आले होते आणि घरी झोपले होते. तिनं गाठोडं माझ्यापुढं टाकलं आणि सोडलं.

"बसूभाऊ, ह्या घड्या कुणाच्या?"

"कारखान्याच्या," मी म्हणालो.

"व्हय ना? कारखान्याच्याच. मग दुकानात काय दाखवलं? तिकडचं गिऱ्हाईक घडी न मोडता चादर घेतंय व्हय?"

मी पाहिलं. तिचं खरं होतं. एजंट दुकानोदुकानी चादर उलगडतो, दुकानदार ओढून बघतो, नोकर कशीतरी घडी घालतो. महिनाभर फिरलेला नमुना मळलेला, चुरगळलेला, पाच-पन्नास हातांतून गेलेला असतो. हा माल जसा बांधला तसाच परत आला होता. एकाही घडीचा कोपरा हललेला नव्हता.

"नमुने बदलून मिळतात वैनी तिकडं, नवे..."

"मला शिकवायलास?" ती शांतपणे म्हणाली. "धंदा करायला जात न्हाईत हे. मग कुटं जातात तेवढं सांग."

मी गाठोडं पुन्हा बांधून दिलं. संध्याकाळी अण्णांना झाला प्रकार सांगितला. त्यांनी पान चघळत सगळं ऐकलं. मग खांदे हलायला लागले.

"एवढ्या गावांत, एवढ्या नाक्यांवर कुणाला कळलं न्हाय बसू. बायकोला कळलं." त्यांच्या आवाजात भीती होती, पण अभिमान जास्त होता. भाजी सोडून दुसऱ्या कशाबद्दल त्यांना इतकं कौतुकानं बोलताना मी तेव्हाच ऐकलं.

त्या दिवसापासून ते प्रत्येक खेपेला सगळे नमुने उलगडून, चुरगळून पुन्हा घड्या घालू लागले. पण डाव्या हाताची पेरं नव्हती. चादरीचा डावा कोपरा त्यांच्या पकडीतून निसटे आणि घडीबाहेर जिभेसारखा लोंबत राही.

संशय मात्र गेला नाही. तो वैनीच्या भावाकडं, अंबादासकडं, गेला. अंबादास गिरणीत जॉबर म्हणजे मुकादम, आवाजानं आणि अंगानं दांडगा, बहिणीवर जीव टाकणारा. बहिणीच्या नवऱ्याला तेलुगूत बावा म्हणतात. त्यानं अण्णांना तोंडावर सांगितलं, "बावा, ह्या खेपेला मी येतो संगट. मलाबी पंजाब बघायचाय."

"चल की," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तळ्याच्या काठावर नेलं. सिद्धेश्वराच्या देवळाच्या मागं पायऱ्यांवर आम्ही बसलो. पहिल्यांदाच ते दाराकडं, रस्त्याकडं, कशाकडंच तोंड न करता बसले. पाण्याकडं बघत होते.

"तिकडं मी राजेशम न्हाय, बसू. अंबादास बाजारात उभा राहून माझ्या नावानं हाका मारायला लागला तर मी एकटाच मरणार न्हाय. माझ्या भरवशावर राहिलेली माणसं हायत. लेकरंबाळं असलेली."

"मग त्याला नको म्हणा."

"नको म्हटलं तर मागून येईल. त्याला यावंसंच वाटू नये असं काहीतरी पाहिजे." त्यांनी चष्मा काढला. "तू सांग त्याला. अमृतसरला एक बाई हाय म्हणून."

मला वाटलं चेष्टा करतायत. खांद्यांकडं पाहिलं. ते हलत नव्हते.

"दुसरं काही सांगतो की अण्णा. दारू म्हणतो, जुगार म्हणतो."

"दारुड्याला आणायला मेहुणा जातो. बाईकडं गेलेल्याला आणायला कोण जात न्हाय. तिचं नाव निघालं की माणसं पुढं विचारत न्हाईत. थुंकतात आणि वळतात."

"तुम्हीच सांगा मग. माझ्या तोंडून का?"

"मी सांगितलं तर बायको माझ्या तोंडाकडं बघेल आणि ओळखेल. तू सांगितलंस तर खरं वाटेल. तू खोटं बोलत न्हाईस असं तिला वाटतं."

शेवटचं वाक्य ते अगदी सहज बोलले. मला मात्र ते अजून ऐकू येतं. त्या पायऱ्यांवर मला पहिल्यांदा वाटलं की या माणसानं आपल्याला वापरायला घेतलंय. माझ्या खरेपणाची त्यानं इतकी वर्षं नोंद ठेवली होती, आणि लागेल तेव्हा काढून वापरली. मी विचारलं, "तुम्हाला काही वाटत नाही?"

"तिला काय वाटेल, ते आत्ताच वाटायलंय," ते म्हणाले आणि चष्मा घातला.

मी अंबादासला गिरणीसमोरच्या हॉटेलात गाठलं. चहा आला. त्यानंच तोंड उघडलं, "बसू, खरं सांग बे. तुला ठाऊक हाय."

"आहे एक," मी म्हणालो. "अमृतसरला."

तो ओरडेल, कपबशी फेकेल असं मी धरून चाललो होतो. तो नुसता बशीकडं बघत राहिला.

"लेकरं?"

याची मी तयारी केली नव्हती. "नाही," म्हणालो.

"तेवढं तरी बरं," अंबादास म्हणाला आणि चहा न पिता उठला. त्याच्या पडलेल्या खांद्यांकडं बघून मला कळलं की हे सगळं ठरल्याप्रमाणं होणार.

झालंही. कुणी पंजाबला गेलं नाही. वैनीनं अण्णांचं अंथरूण मागाच्या खोलीत नेऊन टाकलं. ती भांडली नाही, रडली असेल तर कुणाला दिसलं नाही. त्यांच्याशी बोलणं मात्र तिनं बंद केलं. निरोप पद्मा वडिलांना देई, "नाना, जेवायला बस म्हणते अम्मा." तरी अण्णा निघायचे त्या सकाळी कडक भाकरीची चवड आणि शेंगाचटणीची पुडी उंबऱ्यावर असायची. हातात द्यायची नाही, उंबऱ्यावर ठेवायची. अण्णा वाकून उचलायचे.

गल्लीनं त्यांना 'अमृतसरी' नाव पाडलं. पोरंसोरंही म्हणत. अण्णा हाकेला ओ देत. खोट्या नावांना ओ द्यायची त्यांना सवय असणार, पण हे नाव त्यांनी स्वतः मागून घेतलेलं होतं.

पद्माच्या लग्नात कन्यादान अंबादासनं आणि त्याच्या बायकोनं केलं. वैनीचा तसा हट्ट होता. अण्णांना कुणी मांडवात येऊ नको म्हटलं नाही, कुणी ये असंही म्हटलं नाही. ते मागं पाहुण्यांत पाण्याची घागर घेऊन फिरत होते. "ए अमृतसरी, पाणी इकडं!" म्हणून व्याह्यांकडचा एक टोळभैरव ओरडला. अण्णा गेले, त्या तुटक्या बोटांनी घागर तोलून त्याच्या पेल्यात पाणी ओतलं, एक थेंब बाहेर न सांडता. तिकडं अंतरपाट दूर झाला, वाजंत्री वाजली. अण्णांनी मान वळवली नाही. दुसऱ्याच्या पेल्यात पाणी ओतायला लागले.

मी त्यांना मांडवाबाहेर ओढलं. "बास झालं अण्णा. मी आत्ता जाऊन वैनीला सांगतो."

"अप्पांना शब्द दिलायस."

"अप्पा गेले!"

"म्हणून तर." त्यांनी घागर खाली ठेवली. "जिवंत माणसाकडून शब्द सोडवून घेता येतो, बसू. जा, जेवून घे. बुंदी चांगली हाय."

वर्ष गेलं असेल. पेढीवर तार आली, फिरोजपूरच्या सरकारी दवाखान्यातून. राजेशम वारले. मी अंबादासकडं धावलो. तो म्हणाला, "ज्या घरी राहत होता त्या घरानं बघावं." मी एकटा गेलो.

पोचेपर्यंत दहनही झालं होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात इस्त्रीच्या कपड्यांतला, सरकारी वाटणारा एक माणूस माझी वाट बघत होता. त्यानं मला अस्थींचं मडकं आणि गाठोडं दिलं. नाव सांगितलं नाही.

"कसे गेले?" मी हिंदीत विचारलं.

"तापानं."

"त्यांच्या बायकोला एक ओळ लिहून द्या. ते तुमचे होते एवढंच."

"कुणाच्या बायकोला?" तो म्हणाला. "आमच्याकडं या नावाचं कुणी नव्हतं."

माझा संताप झाला. एका माणसानं घर गहाण टाकावं आणि घेणाऱ्यानं असं सांगावं. मी म्हणालो, मी गावात जाऊन सगळ्यांना सांगणार आहे. तो जवळ आला. आवाज उतरला. "त्यांनी ज्यांना सांभाळलं ती माणसं अजून तिकडं आहेत. तुम्ही बोललात तर त्यांचं काही खरं नाही. मग ते कशासाठी गेले?"

मग त्यानं आजूबाजूला पाहिलं, बूट काढले, त्या मडक्यावर दोन्ही हात टेकले आणि डोळे मिटले. बूट घालून निघून गेला. राजेशमअण्णांचा सत्कार म्हणायचा तर एवढाच. पाहुणा मी एकटा.

घरी आलो. वैनी मागाच्या खोलीत बसली होती. मडक्याला तिनं हळदकुंकू लावलं आणि गाठोडं पुढ्यात ओढलं. एकेक नमुना काढून मांडीवर ठेवत गेली. प्रत्येकाचा डावा कोपरा बाहेर.

"बघ," ती म्हणाली. "दुकानदाराची घडी वेगळी असती, नोकराची वेगळी. ह्या सगळ्या एका हाताच्या. त्यांच्याच. मला किती वर्षं माहीत हाय. मला दाखवायला घालायचे."

तळाशी त्यांची स्वतःची चादर होती. वैनीनं विणून दिलेली, तांबडी-निळी, रंग पार उडालेला. तिनं ती उलगडली, दाराच्या उजेडाकडं धरली. एका बाजूला विरलेली होती, खांद्याच्या जागी आणि पायांच्या जागी. बाकीचा भाग नव्यासारखा होता. तिनं त्यावरून हात फिरवला.

"ही एकट्या माणसाची हाय," ती म्हणाली.

बाहेर शेजारच्या मागाचा खटखट आवाज चालू होता. तिनं मान वर केली आणि मला विचारलं, "बसूभाऊ, ती होती का रे तितं?"

किती साधा प्रश्न होता! 'नाही' म्हटलं असतं तर कुठलं गुपित फुटलं नसतं. कुणाचं नाव, कुठलं गाव, काही सांगायचं नव्हतं. तिला उत्तर चादरीनं दिलंच होतं. ती फक्त माझ्याकडून ताडून बघत होती, कारण मी खोटं बोलत नाही असं तिला वाटत होतं. पण मला ते तेव्हा कळलं नाही. माझ्या कानात तो व्हरांड्यातला माणूस होता, आणि डोळ्यांपुढं परमुलखात एकटं जळालेलं प्रेत. मला वाटलं, निदान कुणीतरी जवळ होतं हे ऐकून हिला बरं वाटेल.

"होती," मी म्हणालो.

तिचा हात चादरीवर थांबला.

"रडली का?"

"रडली."

"मग बरं झालं," वैनी म्हणाली. चादर तिनं गोळा करून बाजूला सारली, दुसऱ्याच्या घरची वस्तू सारावी तशी. मग उठून आतून एक नवी कोरी चादर आणली. स्वतःच्या मागावरची, कडेला पांढरी नक्षी. ती माझ्या हातात दिली.

"तिला पाठव. तिकडं थंडी लई पडती म्हणायचे."

पहिलं खोटं मला सांगायला लावलं होतं. त्यासाठी मी अण्णांना बोल लावला, अप्पांना लावला, त्या बूट काढणाऱ्या माणसाला लावला. या सगळ्यांनी मला फसवलं असं मी आयुष्यभर मनाशी घोकत आलो, आणि ते काही अगदी खोटंही नाही. पण हे दुसरं खोटं कुणी सांगायला लावलं नव्हतं. ते माझं आहे.

वैनी त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. मी सणावाराला जात असे. तिनं तो विषय पुन्हा काढला नाही, मीही काढला नाही. आज सांगू, पुढच्या खेपेला सांगू असं करत तिच्या तिरडीला खांदा दिला. तिकडच्या त्या माणसांचं काय झालं, कुणी मला कळवलं नाही. तोंड उघडायला परवानगी देणारंही कुणी आलं नाही.

ती पांढऱ्या नक्षीची चादर माझ्या कपाटात आहे. घडी वैनीच्या हातची, अजून मोडलेली नाही. उद्या ती आणि हे कागद घेऊन मी पद्माकडं जाणार आहे. पद्मा, तुझ्या वडिलांचं एकच घर होतं. त्या घरात त्यांना शेवटी मागाच्या खोलीत झोपावं लागलं. किशोरलाही सांग.

अण्णा मला शेवटचे दिसले ते सोलापूर स्टेशनावर. शेवटच्या खेपेला निघाले होते, मी पोचवायला गेलो होतो. गाडीला उशीर होता. उन्हाची वेळ. बाकड्यावर बसून त्यांनी गाठोडं सोडलं आणि नमुने एकेक करून उलगडायला, चुरगळायला, पुन्हा घड्या घालायला लागले.

"अण्णा, हे परत येताना करता ना?"

"परतताना वेळ मिळेलच असं न्हाय."

"आणि आता कुणासाठी? घरात कोण बोलतं तुमच्याशी, कोण बघायला बसलंय?"

"ती बघती," ते म्हणाले. "बोलत न्हाय, पण दर खेपेला गाठोडं सोडून बघती. मी झोपलोय असं समजून. अजून बघती बसू."

गाडी आली. त्यांनी अर्धवट घड्या घातलेल्या चादरी कवेत घेतल्या, भाकरीची चवड काखेत धरली आणि चढले. खिडकीतून मला हात करतील म्हणून मी उभा राहिलो. गाडी हलली. खिडकी समोरून गेली तेव्हा त्यांची मान खाली होती. चादर गुडघ्यांवर पसरली होती, एक टोक हनुवटीखाली दाबलं होतं, आणि निसटणारा डावा कोपरा ते तुटक्या बोटांनी पुन्हा पुन्हा आत सारत होते.